अबोलीचं स्थळ

माझा धाकटा भाऊ श्रीराम माणूस म्हणून सोन्यासारखा आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुमचं तसं मत राहणार नाही. ओहायोतल्या डब्लिनला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तो राहतो. एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतो. दारू नाही, सिगरेट नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त बेसमेंटमध्ये साप आहेत.

"साप म्हणजे किती?" असं लोक विचारतात. दोन असले तर चालणार आहेत का तुम्हाला? अहो, भिंतभर रॅक आहे! त्यात ड्रॉवरसारखे ओढायचे प्लास्टिकचे डबे, आणि प्रत्येक डब्यात एक. किंगस्नेक म्हणतात त्यांना. काळं अंग, पांढरे पट्टे. विष नाही, माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण दुसरा साप दिसला की सरळ गिळतात. स्वतःच्या जातीचासुद्धा. म्हणून एकाला एक डबा. हे ऐकून आमचे हे, म्हणजे नरेंद्र, म्हणाले होते, "आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीलाही असंच ठेवायला पाहिजे."

नागपूरला असताना हा पोरगा झुरळाला घाबरून पलंगावर चढायचा. इथे येऊन कुठल्याशा प्रदर्शनात एक किंगस्नेक बघितला काय, घरी घेऊन आला काय, आणि बघता बघता याच्या फ्रीजरमध्ये माझ्या पुरणपोळ्यांच्या शेजारी गोठवलेले उंदीर आले. पांढरे, गुलाबी कानांचे, पिशवीत ओळीने झोपलेले. मी त्या दिवसापासून त्याच्याकडे पुरणपोळ्या ठेवायच्या बंद केल्या आणि तसं त्याला स्पष्ट सांगितलं. "बरं ताई," म्हणाला. याला काहीही बोला, हा "बरं ताई" म्हणतो. भांडायचीसुद्धा सोय नाही.

पण साप पाळणं हा त्याचा खरा छंद नव्हे. खरा छंद रंगाचा. या काळ्यापांढऱ्या सापांना कधीतरी, अगदी क्वचित, भलत्याच रंगाचं पिल्लू होतं. मग तो रंग रक्तातला आहे की नुसता योगायोग, हे बघायचं. पुढच्या पिढीत उतरला तर रंग तुमचा. तुम्ही नाव ठेवायचं आणि दुनियेतल्या सगळ्या सापवाल्यांनी ते वापरायचं. नाही उतरला तर तुम्ही मूर्ख ठरलात. यासाठी शिकलेसवरलेले लोक वर्षानुवर्षं बेसमेंटमध्ये बसतात, बाप्पा! आणि त्यात आमचा एक.

दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये मी फार्मसीत कामावर असताना त्याचा फोन आला. "ताई, ये. आत्ताच्या आत्ता ये." मला वाटलं, चावला. गिऱ्हाइकाला तसंच काउंटरवर सोडून मी गाडी पळवली, रस्ताभर त्याला शिव्या घातल्या आणि देवालाही दोन घातल्या. बेसमेंटमध्ये गेले तर हा धडधाकट, हातात दोन इवलीशी पिल्लं. बाकीची भावंडं काळी, आणि ही दोनच वेगळी. गुलाबी म्हणावं तर गुलाबी नाही, केशरी म्हणावं तर तेही नाही. अबोलीच्या गजऱ्याचा रंग. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. खोटं कशाला बोलू? सुंदर होती.

मादीचं नाव अबोली ठेवलं. नराचं आंबा, कारण श्रीरामची कल्पनाशक्ती तिथे संपली.

इंटरनेटवर या सापवाल्यांचा एक कट्टा होता. श्रीरामने तिथे फोटो टाकले. वाहवा झाली. मग टेक्सासच्या एका शहाण्याने लिहिलं की हा रंगबिंग काही नव्हे, अंड्यांना उष्णता जास्त लागली की पिल्लं अशी निघतात. आता त्याला उष्णतेचं कुठून कळलं? आमच्या गाढवानेच आधी तिथे लिहून ठेवलं होतं की त्या उन्हाळ्यात त्याच्या उबवणीच्या पेटीचा थर्मोस्टॅट बिघडला होता! एवढा प्रामाणिकपणा हरिश्चंद्रालाही झेपला नसता.

मग एकच उपाय उरला. अबोली आणि आंबा मोठे होऊ द्यायचे आणि त्यांची जोडी लावायची. रंग रक्तातला असेल तर झाडून सगळी पिल्लं अबोली निघणार. नसेल तर काळी. तीन वर्षं लागतात साप वयात यायला. तीन वर्षं हा मुलगा दुसऱ्या कशावर बोलला नाही. जेवायला बोलवा, अबोली. वाढदिवसाला फोन करा, अबोली. मी वैतागून म्हणायचे की अरे, एखाद्या मुलीबद्दल तरी असं बोल, आणि तो म्हणायचा, "बरं ताई."

आता मुलीचा विषय निघालाच आहे तर आईबद्दल सांगायला हवं. आमची आई नागपूरला धरमपेठेत वधूवर सूचक केंद्र चालवते. गोत्र, नाडी, मूळ गाव, आजोळ, सगळं तिच्या तोंडावर. अर्धं नागपूर तिने लावलेल्या लग्नांतून जन्माला आलंय, असं तिचं म्हणणं. आणि तिचाच मुलगा सदतिसाव्या वर्षी बिनलग्नाचा! केंद्रात येणारे लोक चहा पिता पिता विचारायचे, "काकू, तुमच्या श्रीरामचं काय?" आणि आईला तो चहा परत घ्यावासा वाटायचा.

म्हणून ती दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आली ती कंबर कसूनच. आल्या आल्या क्लीव्हलंडच्या एका कुटुंबाला श्रीरामकडे बोलावलं. मुलगी चांगली होती, शिवांगी नाव. श्रीराम तिच्याशी बोललाही. मग "काहीतरी दाखवतो" म्हणून खाली गेला आणि गळ्यात अबोली घालून वर आला. मुलगी हसली हो, पण तिचे वडील सोफ्यावर चढले ते गाडी दारात लावेपर्यंत उतरले नाहीत. सिनसिनाटीच्या दुसऱ्या कुटुंबाने फोनवरच सांगितलं, साप गेले तर पुढची बोलणी.

आईने हात टेकले. पण तिला रिकामं बसवत नाही. दुपारी श्रीराम ऑफिसला गेला की ती खुर्ची घेऊन बेसमेंटमध्ये जायची आणि मटार सोलत बसायची. हळूहळू एकेक डबा ओढून बघायला लागली. संध्याकाळी श्रीरामला प्रश्न.

"हा जाडा कुठला रे?"

"तो सुभेदार. अॅरिझोनाहून आणलाय."

"म्हणजे आपल्यांपैकी कुणाचा नात्यातला नाही?"

"नाही गं. लांबचाही नाही."

"अंगापिंडाने बरा आहे," आई म्हणाली आणि मटार सोलत राहिली. श्रीरामला एवढा आनंद झाला, की आईला शेवटी आपल्या कामात रस वाटायला लागला! मला फोन करून सांगितलं त्याने. मी म्हटलं, जपून रे बाबा. पण आमचं ऐकतो कोण.

मग एका रविवारी जेवताना त्याने आपला बेत सांगितला. अबोली आणि आंबा. आईचा घास हातात राहिला.

"भाऊ-बहीण ना रे ते?"

"हो."

"सख्खे?"

"एकाच वेताचे."

"अरे मेल्या!" आई एवढ्या जोरात ओरडली की नरेंद्रच्या हातून ताकाचा पेला सांडला. "सगोत्र चालत नाही म्हणून मी चांगली चांगली स्थळं मोडली, आणि तू सख्ख्या भावाशी लावतोस पोरीचं?"

"आई, ते साप आहेत."

"म्हणून काय झालं? माझ्या घरात राहतात ना?"

"घर माझं आहे, आई."

"आणि तू कुणाचा आहेस?"

 श्रीरामने वरणाचे थेंब आणि पोळीचे तुकडे ताटात मांडून तिला आनुवंशिकता समजावली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि ते तुकडे खाऊन टाकले. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. आम्हाला वाटलं, पटलं.

आणि नेमकी तेव्हा याच्या कंपनीने सनीव्हेलची कुठलीशी कंपनी विकत घेतली. तिकडचा डेटा इकडे आणायचा म्हणून याला पंधरवड्यासाठी कॅलिफोर्नियाला धाडलं. अबोलीने दोनच दिवसांपूर्वी कात टाकली होती, म्हणजे जोडी लावायची हीच वेळ. हा डोकं धरून बसला. माझ्याकडे केविलवाणं बघायला लागला. मी म्हटलं, "श्रीराम, मी तुझ्यासाठी किडनी देईन. त्या डब्यात हात घालणार नाही."

"मी करते की," आई म्हणाली. इतकी गोड म्हणाली, की तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

त्याने तिला सगळं शिकवलं. आधी अबोलीला पोटभर खायला घालायचं, नाहीतर ती नवऱ्यालाच गिळेल. "म्हणजे केळवण," आई म्हणाली. मग नराला उशीच्या अभ्र्यात घालून न्यायचं आणि अलगद तिच्या डब्यात सोडायचं. दिवसभराने परत आपापल्या डब्यात. आईने मान डोलावली.

ठरल्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर कॉर्डलेस फोन धरून उभी राहिले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. आई इरकली नेसून खाली गेली. बराच वेळ डबे ओढल्या-ढकलल्याचे आवाज आले. मग ती वर आली, साबणाने हात धुतले आणि म्हणाली, "छान जमलंय." फोनवर श्रीराम विचारत होता, एकमेकांना गुंडाळून बसलेत का? आई म्हणाली, "हो रे. अगदी संसारी दिसतात."

तो परत आला तर अबोलीच्या डब्यात तांदळाचे दाणे. आईने अक्षता टाकल्या होत्या! श्रीराम हसून हसून लोळला. आईने मनापासून आशीर्वाद दिला म्हणून मला मिठी मारली. मग त्याने स्वतः एकदा आंब्याला तिच्या डब्यात सोडून बघितलं, पण तिने ढुंकून बघितलं नाही. "काम झालंय आधीच," हा खुशीत म्हणाला.

जूनमध्ये अंडी झाली. या वेळी पेटीला दोन थर्मोस्टॅट, दोन तापमापक, आणि हा पेटीच्या शेजारी गादी टाकून. टेक्सासच्या शहाण्याला बोलायला जागा ठेवायची नाही, म्हणून त्याने कट्ट्यावर रोज तापमान लिहिलं. लोक वाट बघायला लागले. जपानचा एक माणूसही रोज विचारायचा. मलासुद्धा, खरं सांगते, रात्री अबोलीची स्वप्नं पडायला लागली.

ऑगस्टमध्ये पहिलं अंडं चिरलं. आम्ही सगळे पेटीभोवती. इवलंसं डोकं बाहेर आलं. काळं.

दुसरं. काळं. श्रीराम म्हणाला, थांबा, ओलं आहे म्हणून तसं दिसतं. मग तिसरं वाळल्यावरही काळंच राहिलं. झाडून सगळी काळी निघाली, पांढऱ्या पट्ट्यांची, ठणठणीत, आणि अबोली रंगाचं एकही नाही.

तो जिन्यावर जाऊन बसला. मी शेजारी बसले. "ताई, टेक्सासवाला बरोबर होता," तो म्हणाला. "रंग तिच्यात नव्हताच. उगाच आला होता." माझ्या भावाला मी लहानपणापासून रडताना बघितलं नव्हतं, झुरळ सोडलं तर. तेव्हा बघितलं. मला त्या टेक्सासवाल्याचा असा संताप आला की विचारू नका.

हा एवढा शहाणा, की त्याच संध्याकाळी कट्ट्यावर लिहून मोकळा झाला, माझं चुकलं, सगळ्यांचा वेळ घेतला, माफ करा. आणि इंडियानाच्या एका सापवाल्याला कळवलं की येत्या शनिवारी येऊन सगळं घेऊन जा. सगळं म्हणजे रॅकसकट. "मला आता तिकडे बघवत नाही, ताई."

मी इतकी वर्षं हेच तर मागत होते! आणि आता मीच म्हणायला लागले, अजून विचार कर रे. आईचं काय विचारता, साप चालले, सिनसिनाटीवाले पुन्हा फोनवर यायला तयार. तिने तर पेढे वाटायला हवे होते. उलट भाजी करपवली, जी तिने आयुष्यात करपवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, इथल्या शेगड्याच मेल्या विचित्र.

शनिवारी इंडियानावाला आला. दाढीवाला, धिप्पाड, बोलायला अतिशय नम्र. चपला दाराबाहेर काढल्या त्याने, न सांगता. आईने चहा टाकला. तो एकेक डबा वर आणून हॉलमध्ये मांडत होता. शेवटी अबोलीचा डबा आणला, झाकण उघडून तिला हातावर घेतलं आणि म्हणाला, दिसायला फार छान आहे, पण पैदाशीच्या उपयोगाची नाही. हिच्यात काही नाही. कुणाला शोभेला म्हणून देऊन टाकीन.

श्रीराम खाली बघत म्हणाला, "हो. तिच्यातच काही नाही."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो जमिनीवरच ठेवला.

"खबरदार!" आई म्हणाली. मराठीतच म्हणाली, पण इंडियानावाला जागच्या जागी थिजला. "माझ्या पोरीला नावं ठेवायची नाहीत. तिच्यात काही खोट नाही. आंबा मी घातलाच नव्हता. सुभेदार घातला होता."

कुणाला काही कळेना. मग कळलं, आणि आधी मी ओरडले. "आई!! अगं, तीन वर्षं! तीन वर्षं तो पोरगा—"  नरेंद्रने मला धरून खुर्चीत बसवलं.

श्रीराम मात्र आईकडे बघत राहिला. "सुभेदार?" त्याने विचारलं. "नक्की सुभेदार?"

"अॅरिझोनाचा. जाडा. गोत्र वेगळं म्हणून." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चांगलं स्थळ होतं रे."

श्रीराम हसायला लागला, मग रडायला लागला, मग दोन्ही एकदम. अहो, हा रंग आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो; सुभेदार काळा, त्याच्या रक्तात अबोलीचा मागमूस नाही, मग पिल्लं काळीच होणार! त्यात रंगाची परीक्षा झालीच नव्हती. अबोली अजून नापास झालेली नव्हती. त्याने हे सगळं इंडियानावाल्याला इंग्रजीत समजावलं. त्या भल्या माणसाने टोपी काढली, आईला वाकून नमस्कार केला, जमिनीवरचा चहा उचलून प्यायला आणि सगळे डबे आपल्या हाताने परत खाली नेऊन लावले. जाताना आईने त्याला चिवडा बांधून दिला.

तो गेल्यावर मी आईला विचारलंच. माझा राग अजून उतरला नव्हता. "त्याची गाडी निघेपर्यंत गप्प बसली असतीस तर साप गेले असते. याचं लग्न झालं असतं. तुला हेच हवं होतं ना? मग आता का बोललीस?"

आई पदराने डोळे पुसत होती. "केंद्रात मुली परत यायच्या गं माझ्याकडे," ती म्हणाली. "दोन-तीन वर्षांनी, बॅग घेऊन. मूल नाही, मुलीतच खोट आहे म्हणायचे सासरचे. बहुतेक वेळा खोट दुसरीकडेच असायची. आणि त्या घरात कुणाला तरी ते माहीत असायचं. ते माणूस गप्प बसायचं. त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा व्हायची नाही मला." मग नाक शिंकरून म्हणाली, "ती बिचारी तर बोलूही शकत नाही."

मी उठले आणि त्या दिवशीही करपलेली भाजी गरम केली. श्रीरामने ती सगळी खाल्ली.

ऑक्टोबरमध्ये आई गेली. विमानतळावर श्रीरामला बजावलं, "पुढच्या वर्षी तू काय करणार आहेस ते मला कळवू नकोस. तारीखसुद्धा सांगू नकोस. मला ऐकायचंच नाही." त्याने नाही सांगितलं. दोन हजार सहाच्या वसंतात त्याने स्वतः आंब्याला अबोलीच्या डब्यात सोडलं, आणि मी या वेळी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिले, डोळे उघडे ठेवून. त्याहून पुढे जाणार नाही म्हणजे नाही.

ऑगस्टमध्ये पहिलं अंडं चिरलं आणि डोकं बाहेर आलं. मी किंचाळले. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि श्रीराम गुडघ्यांवर बसून नुसता मोजत राहिला. झाडून सगळी अबोली. पेटीत कुणीतरी गजरा सोडून ठेवल्यासारखं दिसत होतं.

टेक्सासवाल्याला कळवायच्या आधी त्याने नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती, मागे केंद्रातली माणसं बोलत होती.  श्रीराम कसाबसा म्हणाला, "आई, झाली. सगळी अबोलीच झाली."

 मला वाटलं, आता गोत्रापासून सुरुवात होणार. मी फोन काढून घ्यायला हातही पुढे केला.

"बाळंतीण कशी आहे?" आईने विचारलं.

श्रीरामने अस्तनीने डोळे पुसले. "सुखरूप आहे गं. कालच दोन उंदीर खाल्ले."

"बरं झालं," आई म्हणाली. "तिला सांग, मी विचारलं होतं म्हणून."